मुलाच्या बेटावर

आमच्या बिल्डिंगमध्ये मी सर्वांना सांगून ठेवले होते की, आमचा धाकटा युरोपात मोठ्या हॉटेलात शेफ आहे. कोणी जास्त खोलात शिरले तर म्हणायचो, "इटलीच्या पलीकडे, क्रोएशिया देशात. समुद्रातल्या बेटावर." एवढे ऐकले की समोरचा गप्प बसायचा. खरे म्हणजे मलाही याहून जास्त ठाऊक नव्हते. मुलगा फोनवर एवढेच म्हणायचा, "अण्णा, किचनमध्ये आहे." किचनमध्ये आहे म्हणजे शेफच असणार, असे मी धरून चाललो. एजंटनेही 'हॉटेल लाइन' एवढेच सांगितले होते. त्याला द्यायला आमच्या सौ.च्या पाटल्या मोडल्या, वर पतपेढीचे कर्ज काढले. इतके करून पाठवलेला मुलगा शेफ नसेल तर काय असेल, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात मुलानेच तिकीट पाठवले. आईचे गुडघे दुखतात, तिला विमानाचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी एकटा निघालो. निघताना सौ.ने पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घातला, लसणाची वेगळी पुडी घातली आणि एक काम सांगितले. "त्याला घेऊनच या. दोन वर्षे झाली. आता पुरे."

वाचकहो, माझी उभी हयात गोदीत गेली. मी मुरिंग गँगमध्ये होतो. बोट धक्क्याला लागली की तिचे दोर ओढून खुंट्याला अडकवायचे आणि ती निघाली की सोडायचे, हे आमचे काम. हजारो बोटी बांधल्या, हजारो सोडल्या. पण स्वतः बोटीत बसून कुठे गेलो म्हणाल तर लहानपणी दाभोळला, आमच्या गावी. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोट जायची. रात्रभर डेकवर चटई टाकून पडायचे. बंदर आले तरी बोट किनाऱ्याला लागायची नाही, दूर पाण्यात उभी राहायची. मग खालून पडाव यायचा आणि त्यात बायामाणसे, पोरे, ट्रंका, कोंबड्या सगळे उतरवायचे. माझ्या आईने मला एका हाताने धरून पडावातल्या माणसाच्या हातात दिलेले मला आजही आठवते. मधे हातभर काळे पाणी होते. ती बोट १९८० च्या दशकात बंद पडली. तोट्यात चालते म्हणाले.

हे सगळे सांगायचे कारण असे की, स्प्लिट शहरात उतरल्यावर मी पहिल्यांदा पाहिला तो तिथला धक्का. रेल्वे स्टेशन, एस.टी. स्टँड आणि बोटींचा धक्का, तिन्ही एकमेकांना लागून. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा आणि बोटीत चढा. समोर सतराशे वर्षांपूर्वीच्या रोमन बादशहाचा राजवाडा आहे, त्यात आजही लोक संसार करतात, दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. मुलगा म्हणाला, "अण्णा, राजवाडा बघा." मी म्हटले, बघतो रे, आधी ती बोट कशी लागते ते बघू दे.

तिथे मोटारी घेऊन जाणाऱ्या बोटीला 'त्रायेक्त' म्हणतात. बोट जवळ येते, धक्क्यावरचे दोघे दोर झेलतात, खुंट्यात अडकवतात आणि बोटीचा लोखंडी रॅम्प खाली येऊन सरळ जमिनीला टेकतो. की लगेच मोटारी, सिमेंटचे ट्रक, गॅसची नळकांडी, पावाची गाडी, सायकलवाले, चालणारे, सगळे एका रांगेत बाहेर. पंधरा-वीस मिनिटांत बोट रिकामी आणि पुन्हा भरलेली. मी घड्याळ लावून पाहिले. आमच्याकडे एवढ्या वेळात पहिला दोर नीट बसला तरी सारंग खूश व्हायचा!

याचे गुपित काय, ते मी धक्क्याच्या कडेला वाकून पाहिले तेव्हा उमगले. दगडावर शेवाळाची रेघ जेमतेम वीतभर रुंद होती. म्हणजे भरती आणि ओहोटी यांत वीतभराचा फरक! मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते आणि उतरते. म्हणून तर आपल्याकडे गोदीला दरवाजे करावे लागले, पाणी आत कोंडावे लागले. बोट बांधली तरी दर थोड्या वेळाने दोर ढिले करा, पुन्हा ताणा. मी हे मुलाला समजावून सांगत होतो आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. "दोन वर्षे रोज बघतोय अण्णा, मला कधी कळलं नाही," तो म्हणाला. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू.

मात्र त्याच वेळी माझे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. माझी पिशवी घेण्यासाठी त्याने हात पुढे केला होता. बोटांची सालटी निघालेली, नखांच्या कडा पांढऱ्या पडून फाटलेल्या. दोराने हात राठ होतात, ते मला ठाऊक आहे. हे हात तसे नव्हते. मी काही विचारले नाही.

त्याला दोन दिवसांची सुटी होती. पहिल्या दिवशी आम्ही ब्राच बेटावरच्या सुपेतार गावी गेलो. स्प्लिटहून पाऊण-एक तासाची वाट. आल्या आल्या त्याने पहिला सीझन तिथेच केला होता आणि त्याची एक बॅग एका नेपाळी मित्राकडे राहिली होती. ऑक्टोबर असल्यामुळे प्रवासी थोडेच होते, ते बाहेर डेकवर फोटो काढत होते. बेटावरची माणसे मात्र आत केबिनमध्ये. समुद्राकडे कोणी ढुंकून बघत नव्हते. चौघे जण पत्ते कुटत होते, एक बाई मटार सोलावेत तशी कसल्याशा शेंगा सोलत होती, एक शाळकरी मुलगा दप्तरावर डोके ठेवून झोपला होता. मला आपली सकाळची लोकल आठवली. खिडकीतून ठाण्याची खाडी कोण बघतो?

मुलाने सांगितले की बेटावर राहणाऱ्यांना कार्ड असते. त्यांना तिकीट स्वस्त, शाळा-कॉलेजची मुले आणि म्हातारी माणसे यांना तर भाडेच पडत नाही. क्रोएशियाला लहान-मोठी मिळून बाराशेहून जास्त बेटे आणि खडक आहेत, त्यांपैकी वस्ती आहे ती पन्नासेक बेटांवर. उन्हाळ्यात प्रवाशांची जत्रा असते, पण जानेवारीत एखाद्या बेटावर जायला बोटीत दहाच माणसे असली तरी बोट जाते. सरकार त्याचे पैसे भरते. यातल्या बहुतेक बोटी 'यादरोलिनिया' या सरकारी कंपनीच्या, १९४७ साली सुरू झालेल्या. तोटा तिथेही होत असेलच. पण बेटावरच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे म्हटले तर दुसरी वाट कोणती? मला दाभोळची बोट आठवली आणि मी गप्प बसलो.

सुपेतारचा नेपाळी मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा. त्याने आम्हाला डाळभात खाऊ घातला. एका खोलीत सहा जण राहत होते. २०२१ पासून तिथे परदेशी कामगारांच्या संख्येवरची मर्यादा उठली आणि नेपाळ, भारत, फिलिपाइन्स, बांगलादेश अशा देशांतून माणसे यायला लागली. हॉटेलांत, बांधकामावर, सायकलवरून जेवण पोचवायला. तो पोरगा माझ्या पाया पडला आणि मुलाला हिंदीत म्हणाला, "भाई, इस साल भी प्लेटवाला काम ही मिला?" मुलाने चटकन विषय बदलला. मी ऐकले नाही असे दाखवले.

सुपेतारहून मला वाटले, आता असेच पुढे विस बेटावर जाऊ, जिथे त्याची सध्याची नोकरी होती. नकाशात सगळी बेटे हाताच्या बोटांसारखी शेजारी शेजारी दिसतात. पण तसे होत नाही. बहुतेक बोटी शहरातून एका बेटावर जातात आणि परत शहरात येतात, सायकलच्या चाकातल्या काड्यांसारख्या. दोन बेटांना थेट जोडणाऱ्या बोटी थोड्या, त्याही बऱ्याचशा उन्हाळ्यापुरत्या. शेजारचे बेट डोळ्यांना दिसते, पण तिथे जायला आधी स्प्लिटला परत. एका चाळीतल्या माणसाने समोरच्या चाळीत जायला आधी दादरला जाऊन यावे, तसा प्रकार. आम्हीही परत आलो आणि दुपारची विसची बोट धरली.

तिच्यावर 'पेटर हेक्टोरोविच' असे नाव रंगवले होते. मी विचारले, हा कोण पुढारी? मुलगा म्हणाला, पुढारी नाही, कवी. त्याच्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने त्याला सांगितले होते. हा हेक्टोरोविच ह्वार बेटावरचा जमीनदार, जन्म १४८७ चा. म्हातारपणी तो दोन कोळ्यांच्या होडीत बसून तीन दिवस समुद्रावर फिरला, आणि त्या प्रवासावर त्याने लांबलचक काव्य लिहिले. ते १५६८ साली व्हेनिसमध्ये छापले गेले. त्यात त्याने त्या दोन्ही कोळ्यांची नावे लिहिली, पास्कोये आणि निकोला. ते काय बोलले, काय गायले, हेही लिहून ठेवले. साडेचारशे वर्षांपूर्वी एका श्रीमंताने होडी वल्हवणाऱ्यांची नावे कागदावर लिहिली, ही गोष्ट मला आवडली. आमच्या गँगमधल्या माणसांची नावे मस्टरबाहेर कुठे लिहिली गेली असतील असे मला वाटत नाही. मी ती दोन नावे पाठ केली.

बोट सुटताना मी मुद्दाम रॅम्पजवळ जाऊन उभा राहिलो. तिथल्या खलाशाने हाताने मागे व्हा अशी खूण केली. मुलगा त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मुलाला ती भाषा एवढी येते हे मला तेव्हा कळले. खलाशाने मला विचारले, तुम्ही या कामातले का? मी दोन्ही तळवे पुढे केले. त्याने स्वतःचे दाखवले. मग त्याने सांगितले की, त्याच वर्षी ११ ऑगस्टला, उत्तरेकडच्या माली लोशिन्य गावच्या धक्क्यावर, 'लास्तोवो' नावाच्या त्रायेक्तचा रॅम्प कोसळला आणि तीन खलाशी ठार झाले. तेव्हापासून तो रॅम्पच्या सावलीतही पाय ठेवत नाही. रॅम्प असो की ताणलेला दोर, तो तुटण्याआधी सांगत नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाचा पाय मी असाच जाताना पाहिला आहे. मी त्या खलाशाच्या खांद्यावर हात ठेवला. भाषेची अडचण आली नाही.

स्प्लिट ते विस सव्वादोन तासांचा पल्ला. शोल्टा आणि ब्राच या दोन बेटांमधली खिंड ओलांडेपर्यंत समुद्र तळ्यासारखा होता. ह्वारचे टोक मागे पडले आणि उघडा समुद्र लागला. त्या दिवशी 'यूगो' सुटला होता. दक्षिणेकडून येणारा ओला, उबट वारा. तो हळूहळू वाढतो, दोन-तीन दिवस वाहतो आणि लाटा मोठ्या करत नेतो. दुसरा वारा उत्तरेकडचा, कोरडा आणि थंड, डोंगरावरून एकदम झेप घेतो. त्याचे नाव 'बुरा'. मी हसलो, नाव अगदी बरोबर ठेवले आहे! पण हसणे फार वेळ टिकले नाही. वाचकहो, एवढी वर्षे गोदीत काढलेल्या या माणसाला बोट लागली.

बाथरूमपर्यंतही पोचलो नाही. कपड्यांवर, बाकावर, फरशीवर, सगळीकडे. लोक बघत होते. लाजेने मी डोळे मिटून घेतले. मुलगा उठला, कुठून तरी बादली, फडका, कागदाचे रोल घेऊन आला. आधी मला पुसले, शर्ट बदलला, डोक्याखाली बॅग दिली. मग गुडघ्यावर बसून फरशी पुसली. कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने, एकदा ओल्याने, एकदा कोरड्याने. कपाळाला आठी नाही, घाई नाही. बाक तर आमच्या आधी होता त्याहून स्वच्छ केला. मी पडल्या पडल्या बघत होतो.

बादली ठेवून तो शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "अण्णा, मी भांडी घासतो. शेफ नाही."

मी म्हटले, "तुझे हात बघितले सकाळी."

"तुम्ही बिल्डिंगमध्ये सांगितलंय ते मला माहीत आहे."

यावर मला उत्तर सुचले नाही. पोटात पुन्हा ढवळत होते, त्याचाच आधार घेतला.

विसची खाडी मोठी आणि शांत. आत शिरताना उजव्या हाताला पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर जुना मठ आणि स्मशान दिसते. युगोस्लाव्हियाच्या काळात या बेटावर लष्कराचा तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला इथे पाऊल ठेवता येत नव्हते. डोंगरांत अजून भुयारे आहेत म्हणतात. आम्ही उतरलो तेव्हा पलीकडच्या कोमिझा गावाची बस बोटीसाठी थांबलेली होती. आपल्याकडे बस बोटीसाठी थांबते का? बोट असली तर थांबेल!

मुलाची खोली एका ऐंशीच्या आसपासच्या आजीच्या घरात होती. तिने मला बघितल्याबरोबर काहीतरी पाल्याचा कडू काढा दिला आणि पोट शांत झाले. संध्याकाळी तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. कोमिझाचे कोळी, तिचे चुलते, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सान पेड्रो बंदरात. त्यांच्या बेटावर एकेकाळी घरोघर द्राक्षमळे होते. मुळांना कीड लागली, मळे बसले, आणि माणसे जगभर पांगली. ब्राचवरची चिलीला गेली, इथली सान पेड्रोला. आज सगळ्या विसवर साडेतीन हजारांच्या आतच वस्ती आहे. आजी बोलत होती, मुलगा मराठीत सांगत होता. चुलत्यांनी तिथे काय काम केले, असे मी विचारले. ती म्हणाली, मासे डब्यात भरायचे. घरी पत्रात मात्र लिहायचे की आमचा धंदा आहे. ती हसली, दात नव्हते. मुलगाही हसला, आणि माझ्याकडे बघायचे त्याने टाळले.

दुसऱ्या दिवशी मी त्याचे किचन पाहिले. हॉटेल लहानसे, पंधरा-वीस टेबलांचे. मागे अरुंद जागा, स्टीलचे मोठे सिंक, वाफ सोडणारे मशीन. पण कढया आणि माशांचे तवे मशीनमध्ये जात नाहीत, ते हाताने. ताटे चळतीने लावलेली, चमचे पुसून कपड्यात गुंडाळलेले. आचारी म्हातारा मला म्हणाला, तुमचा मुलगा नसला तर इथे काही चालत नाही. मुलाला हे भाषांतर करायची लाज वाटत होती, मीच खुणांनी समजून घेतले. चटणीचा डबा त्याने आचाऱ्यापुढे ठेवला होता. त्याने चमचाभर चाखली, डोळ्यांत पाणी आले, आणि भाजलेल्या माशावर पसरून बघतो म्हणाला.

रात्री मी हिने सांगितलेले काम काढले. चल घरी, म्हटले. त्याने वही काढली. पतपेढीचे किती फिटले, किती राहिले, आईच्या पाटल्यांसाठी वेगळे किती बाजूला टाकले, तारीखवार लिहिलेले. हॉटेल महिनाअखेरीस बंद होणार होते. थंडीत स्प्लिटच्या एका लाँड्रीत काम मिळण्यासारखे होते, चादरी-टॉवेल धुण्याचे. "अजून एक सीझन अण्णा. मग मी स्वतः येतो." आचारी पुढच्या वर्षी त्याला भाज्या कापायला घेणार होता, असेही तो म्हणाला, पण फार हळू. खात्रीचे नव्हते.

मी वही दोनदा वाचली. बेरीज बरोबर होती.

परतीच्या दिवशी यूगो जोरात होता. कॅटामरान, म्हणजे लहान वेगवान बोट, रद्द झाली होती. पण त्रायेक्त येणार असे धक्क्यावरच्या माणसाने सांगितले, आणि ती आली. मुलाला कामावर जायचे होते, तरी तो थांबला. त्याने मला आल्याचा तुकडा दिला आणि मधल्या भागात बसा, पुढे जाऊ नका, असे बजावले. मी डेकवर उभा राहिलो. खाली दोघांनी दोर सोडले. एक दोर खुंट्यात जरा अडकला होता, तेव्हा मुलाने पुढे होऊन एका झटक्यात काढून दिला. तेवढे त्याला कोणी शिकवले नव्हते. रॅम्प वर उचलला गेला तसा तो मला दिसेनासा झाला.

खाडीच्या तोंडाशी यायच्या आत मी हिला फोन लावला. वाटेत काय सांगायचे ते जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरलो.

"तो येत नाही," मी म्हटले. "आणि ऐक, तो शेफ नाही. भांडी घासतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात सांगितलं त्याने मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे?" मग थोडे थांबून म्हणाली, "हात कसे आहेत त्याचे?"

"फाटलेत."

"खोबरेल लावत नाही तो. मी बजावलं होतं." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बोट उघड्या समुद्रात शिरत होती आणि आवाज तुटायला लागला होता. शेवटचे ऐकू आले ते एवढेच, "अहो, चटणीचा डबा तरी परत आणलात का?"